तांदळावरचं ऑल्डरसन

पेग, आयुष्यात मूर्खपणा मी पुष्कळदा केला, पण माईक हातात घेऊन केलेला असा तो एकच.

लीनाचं आणि तुझ्या डेव्हिडचं लग्न. पार्सिपनीतला तो हॉल, सोमवार ते शुक्रवार प्रोग्रामिंग करणारे आणि शनिवारी सोवळं नेसणारे आमचे गुरुजी, आणि स्टीलच्या ताटात पसरलेले तांदूळ. आमच्यात नवरा त्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. पण मी पडले हौशी. म्हटलं, अमेरिकन विहीण आहे, तिला मान देऊ या. अंगठी तुझ्या हातात दिली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं माईकवर म्हटलं, "विहीणबाई, राइट हर न्यू नेम!"

तू लीनाकडे एकदा पाहिलंस आणि सावकाश, शाळेतल्या बाईंसारख्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलंस: लीना करमरकर. म्हणजे तिचं माहेरचंच नाव.

हॉलमध्ये हशा पिकला. मला वाटलं, बिचारीला काही कळलेलं दिसत नाही. मी तोंडभर हसत पुढे झाले, तळहातानं तांदूळ सारखे केले आणि पहिलीतल्या पोराला पाटीवर अक्षर गिरवायला लावावं तसा तुझा हात धरून लिहून घेतलं: ऑल्डरसन. जन्म त्या नावाखाली काढलेल्या डॉक्टर ऑल्डरसनला मी ऑल्डरसन लिहायला शिकवलं! वर माईकवर जाहीर केलं, "नाऊ वुई हॅव फोर डॉक्टर ऑल्डरसन्स!" तू, तुझा बिल, डेव्हिड आणि आता माझी लीना. चौघंही सायकिॲट्रिस्ट. टाळ्या पडल्या. तूही वाजवल्यास. सगळ्यांत जोरात अर्थातच मी.

हे लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. इंग्रजीनं आपल्या दोघींची फार सोय केली होती. 'यू' म्हटलं की काम भागायचं. मराठीत विहिणीला 'तुम्ही' म्हणतात, 'अहो विहीणबाई' म्हणतात, आणि मनात जे म्हणायचं ते मनातच म्हणतात. पण माझ्या चिवड्यातले फक्त शेंगदाणे वेचून खाणाऱ्या आणि पोहे मला ठेवणाऱ्या बाईला 'तुम्ही' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तेव्हा, तू.

तुमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आलो तो दिवस तुला आठवत असणारच, कारण तू तो दर वर्षी कुणाला ना कुणाला सांगायचीस. गाडीतून उतरण्याआधी मी आमच्या ह्यांना बजावलं होतं, "हे लोक मनातलं ओळखतात. जास्त बोलू नका, हाताची घडी घालू नका, आणि सॅलड उरलं तरी चालेल पण विचारात पडल्यासारखं दिसू नका." दारात तू हसून विचारलंस, "हाऊ आर यू?" आणि मी ताठ उभी राहून म्हटलं, "नॉर्मल."

बिल खोकल्याचं निमित्त करून आत गेला. तू मात्र गंभीरपणे मान हलवलीस आणि म्हणालीस, "चला, घरात कुणीतरी एक तरी हवंच."

आमच्याकडे लग्नात विहीण रुसते. तो तिचा हक्कच. मी तयारीत होते. तू रुसशील, मी समजूत काढीन, मग माझं मोठेपण सिद्ध होईल. तू रुसलीच नाहीस. मग शेवटी मुलीची आई असून मीच रुसले, की हिला आमच्या रीतींची काही किंमतच नाही. काय बाई होते मी! आता वाटतं, त्या बाईला धरून एकदा गदागदा हलवावं. पण ती ऐकणारी नव्हती.

आणि मिरवलं किती! महाराष्ट्र मंडळात जिथे तिथे 'आमचे व्याही ऑल्डरसन'. कुणी विचारलं, "सगळेच वेड्यांचे डॉक्टर? का हो, घरात कुणाला काही होतं का?" की मी फणकारायचे. पण त्याच बायका नंतर गणपतीच्या जेवणाच्या रांगेत हळूच कानाशी यायच्या. "सुमनकाकू, एका मैत्रिणीसाठी विचारायचं होतं. तिला झोप येत नाही. तुमच्या विहीणबाईंना विचाराल?" मी इमानानं तुला फोन करायचे. तुझं उत्तर ठरलेलं असायचं. "तिच्या मैत्रिणीला म्हणावं, तू स्वतः ये. आणि येताना तुझ्या मैत्रिणीला आणू नकोस."

तुमच्या दवाखान्याबाहेरची ती पाटी मला फार आवडायची. पांढरं लाकडी घर, पायऱ्यांशेजारी खांब, त्यावर एकच शब्द. ऑल्डरसन. नाव नाही, डिग्री नाही. बिलच्या वडिलांनी, म्हणजे थोरल्या डॉक्टरांनी, ती रीत घालून दिली होती. घरातला जो ऑल्डरसन मोकळा असेल त्याच्यासमोर पेशंटनं बसायचं. आडनाव एक, म्हणजे भरवसा एक. मला ते ऐकून गहिवरून यायचं. एका घराण्याचं एकच नाव, सगळ्यांवर छत्रीसारखं!

छत्रीखाली भिजणारं कोण, हे मला गाडीत कळलं.

लीनाची तारा तेव्हा तिसरीत असेल. शनिवारी सकाळी तिचा पोहण्याचा क्लास, आणि आपण दोघी आज्या पार्किंग लॉटमध्ये. तुझी ती जुनी गाडी, हीटर चालू, काचांवर वाफ धरलेली. तुझा थर्मास, माझा चिवड्याचा डबा. तसे किती शनिवार गेले असतील! पण त्या एका सकाळी मला काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, "पेग, त्या दिवशी तांदळाचं तुला कळलं नव्हतं ना?"

"कळलं होतं," तू शेंगदाणे शोधत म्हणालीस. "लीनानं आदल्या दिवशी सगळं समजावून सांगितलं होतं."

"मग?"

"मग काय? मी बरोबरच लिहिलं होतं."

"अगं, मग मला थांबवलं का नाहीस?"

"तुझा हात फार घट्ट होता." एक शेंगदाणा. "आणि तू इतकी खूश होतीस, की म्हटलं, हिला आत्ता सांगण्यात अर्थ नाही. आमच्या कामात वेळ बघावी लागते."

वेळ बघायला तुला ताराचं पोहणं शिकून होईपर्यंत थांबावं लागलं. धन्य तुझी!

मग तू तुझं सांगितलंस. कोळशाच्या खाणींचं गाव, तिथे तुझ्या वडिलांचं न्हाव्याचं दुकान, आणि दुकानावर तुझ्या वडिलांनी स्वतः रंगवलेली पाटी. नोव्हाक. शाळेतून येताना लांबून ती पाटी दिसली की तुला घर आल्यासारखं वाटायचं. त्या गावातून डॉक्टर होणारी तू पहिली मुलगी. आणि डॉक्टर झालीस त्याच उन्हाळ्यात लग्न झालं, तेव्हा तुझ्या हातात पहिल्यांदा डिग्री आली ती ऑल्डरसन नावाची. वडिलांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "छान आहे. कुणाची?"

"त्यांनी चेष्टा केली होती," तू म्हणालीस. "मला वाटतं, चेष्टाच केली होती."

पाटीखालच्या दारातून आत येणारे पेशंट तुला बघून थबकायचे. "डॉक्टर ऑल्डरसन कुठायत?" "मीच." "नाही, म्हणजे, खरे डॉक्टर ऑल्डरसन." तुला ते 'मिसेस डॉक्टर' म्हणायचे. कितीतरी वर्षं. आणि आता, तू काचेवरची वाफ पुसत म्हणालीस, आता लीनाचे पेशंट लीनाच्या खांद्यावरून दाराकडे बघतात. या सावळ्या मुलीच्या मागून कुणीतरी ऑल्डरसन येईल म्हणून.

लीनानं मला हे कधीच सांगितलं नव्हतं. नंतर विचारलं तर म्हणाली, "मॉम, इट्स फाइन. ॲटलीस्ट दे कॅन स्पेल इट." मी तिची आई, मला ती फाइन असते. तुला खरं सांगायची. याचाही मला त्या काळी राग यायला हवा होता, पण तोवर माझा राग म्हातारा झाला होता.

"आणि तुझ्या लग्नात ताटात काय लिहिलं होतं?" गाडीत तू पुढे विचारलंस.

"सुमन. दुसरं काय?"

"त्याआधी काय होतं?"

मी हसले. म्हटलं, अगं, आमच्यात तशी पद्धतच असते, नणंदेचं आणि माझं नाव एकच होतं, एका घरात एकाच नावाच्या दोघी कशा चालणार, मग नवी आली तिनं बदलायचं, साधी गोष्ट आहे, त्यात काही नसतं. मी बोलत राहिले आणि तू गप्प. तुझी ती वाईट सवय. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. समोरच्यानं वाफ धरलेल्या काचेतून किती वेळ बाहेर बघायचं?

"विजया," मी म्हटलं.

माझाच आवाज, पण कुणी दुसरीच मागच्या सीटवरून बोलल्यासारखा वाटला. आई गेल्यापासून त्या नावानं हाक ऐकली नव्हती. ह्यांनी जन्मभर 'अगं'वर भागवलं. लीनाला कधीतरी बोलले असेन, पण तिच्या लक्षात असणं शक्य नाही. तू ते तोंडात घोळवून पाहिलंस. "व्हिजाया." चुकीचंच. पण माझ्या डोळ्यांना त्यातली चूक दिसली नाही, त्यांना पाणी आलं होतं.

"कुणाला सांगू नकोस हं," मी म्हटलं. "हसतील लोक, या वयात कसली नावं काढते म्हणून."

तू खरोखर दुखावलीस. "माझ्या खुर्चीसमोर बोललेलं बाहेर जात नाही."

"ही गाडी आहे."

"गाडीतही खुर्च्याच आहेत."

त्यानंतर आपण दोघीच असलो की तू मला त्या नावानं हाक मारायचीस. चारचौघांत सुमन. कुठं चुकली नाहीस, एकदासुद्धा. हे गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. मंडळातल्या बायकांनी फ्रिज भरून टाकला होता, प्रत्येक जण विचारत होतं, कसं वाटतंय, कसं वाटतंय. मला वाटलं, तूही विचारशील, तुझा तर तो धंदाच. तू स्वयंपाकघरात आलीस, दार लोटलंस, वरणभाताची ताटली माझ्यापुढे ठेवलीस आणि म्हणालीस, "व्हिजाया, जेव." बस्. जन्मभर प्रश्न विचारणाऱ्या बाईनं मला दिलेली ती एकमेव आज्ञा. मी जेवले. मग रडले. मग तू भांडी घासलीस आणि सगळी झाकणं चुकीच्या डब्यांना लावलीस. ती तशीच आहेत अजून.

सगळं आपलं जमलं, एक भांडण सोडून. ते तू अर्धं टाकून गेलीस.

थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर तारानं सांगितलं, तीही सायकिॲट्रीच करणार, रेसिडेन्सीचे, म्हणजे हॉस्पिटलातल्या पुढच्या ट्रेनिंगचे, इंटरव्ह्यू सुरू झालेत. मी हात जोडले, बिलनं ग्लास उचलला. मग कार्टी म्हणते कशी, "आय मे ड्रॉप द ऑल्डरसन. इंटरव्ह्यूमध्ये सगळे एकच विचारतात. विच ऑल्डरसन आर यू? मी कुणाची का म्हणून असू?" जन्मापासून ती तारा करमरकर ऑल्डरसन. आता लायसन्स निघायचं, आणि ते ज्या नावानं निघेल ते जन्मभर तिच्या कोटावर राहणार. तिचं म्हणणं, करमरकर ठेवीन, नाहीतर नोव्हाक घेईन, नाहीतर काहीच नाही, नुसती तारा.

बिल टर्कीकडे असा बघत होता जणू तिनंच नाव बदललं. मग अर्थात मी बोलले. घराणं, पाटी, थोरले डॉक्टर, पिढ्यान्‌पिढ्या, सगळं. तू मला क्रॅनबेरी सॉस वाढलास, म्हणजे तोंड भरलं की बंद होईल.

आत ओट्यापाशी जुंपली ती जुंपलीच. मी म्हटलं, "बाईचं नाव पाण्यासारखं असावं, पेग. ज्या भांड्यात ओतावं त्याचा आकार घ्यावा. त्यातच शहाणपण आहे." तू म्हणालीस, "मी पाणी नाही. आणि तू तर मुळीच नाहीस, तू फोडणीचं तेल आहेस." मी म्हटलं, "मग तू इतकी वर्षं त्या पाटीखाली का बसलीस? सोडायचं होतंस." तू टॉवेलनं एकच प्लेट पुसत राहिलीस. म्हणालीस, "म्हणूनच म्हणते, तिला सोडू दे."

मी म्हटलं, तुझी टर्की कोरडी झालीय.

खरं सांगू? मला पाटीचं काहीच पडलेलं नव्हतं. पोरीनं ते नाव टाकलं असतं, तर मी भर हॉलमध्ये लीनाच्या तांदळावरून जे पुसलं ते उगाचच पुसलं, असं झालं असतं. एवढ्यासाठी भांडत होते मी. हे तुला माहीत होतं. तू बोलली नाहीस. वेळ बघत असशील. या वेळी मात्र वेळेनं आपल्याला बघितलं.

हॉस्पिटलमध्ये शेवटचं भेटलो तेव्हा नर्स आत येऊन म्हणाली, "डॉक्टर ऑल्डरसन?" आणि तू डोळे न उघडता विचारलंस, "विच वन?" ती बिचारी गोंधळली. मी इतकी हसले की मलाच बाहेर काढतात की काय असं झालं. मग तू माझं मनगट धरलंस. हात हलका लागत होता, कागदासारखा. म्हणालीस, "ताराला विचार, व्हिजाया. सांगू नकोस. विचार."

मी म्हटलं, "तू बरी होऊन ये आणि तूच विचार." या वाक्याबद्दल मला माफ कर. सगळे जे बोलतात तेच बोलले मी. तांदळाबद्दलचं सॉरीही त्यातच राहून गेलं. विहिणींनी एकमेकींना सॉरी म्हणायची आमच्यात रीत नाही, पण आपण कुठे रीतीनं वागलो?

गेल्या रविवारी दवाखान्याच्या अंगणात तुझ्या आठवणीसाठी सगळे जमले. फुलं, खुर्च्या, कॉफी. तुझे पेशंट किती आले होते, पेग! एक थोराड माणूस, दाढी पांढरी झालेली, रांगेत उभा राहून म्हणाला, "डॉक्टर ऑल्डरसननी मला जगवलं." बिल सवयीनं पुढे झाला, हात पुढे केला. तो माणूस संकोचून म्हणाला, "नाही, म्हणजे, त्यांनी." आणि तुझ्या फोटोकडे बोट केलं. मग एक बाई आली. "डॉक्टर ऑल्डरसनना मी दर ख्रिसमसला..." बिल पुन्हा वळला. पुन्हा तूच. असं कितीदा झालं! शेवटी बिल वळायचा थांबला, खुर्चीत बसला, आणि कुणी 'डॉक्टर ऑल्डरसन' म्हटलं की नुसता तुझ्या फोटोकडे बघून मान हलवू लागला. तारा त्याच्यामागे उभी होती. ती सगळं ऐकत होती. मी तिला बघत होते.

आता माझा नवा मूर्खपणा ऐक. मी गाडीच्या डिकीत ते लग्नातलं ताट आणि सोना मसूरीची पिशवी घालून आणली होती. लोक पांगल्यावर ताराला मागच्या छोट्या किचनमध्ये घेऊन गेले. चहा टाकला. ताटात तांदूळ ओतले, ते हातानं सारखे केले. अंगठी बोटातून निघेना, सांधे सुजलेत, ती साबण लावून काढली. पोरगी बघतच होती.

"हे काय, आजी?"

"लिही," मी म्हटलं. "तुझ्या लायसन्सवर घालणार आहेस ते नाव. मी काहीच सांगणार नाही. पेगनं बजावलंय."

आणि मी दोन्ही हात पाठीमागे बांधले. खरंच बांधले, पेग.

तिनं आधी तारा लिहिलं. थांबली. खिडकीतून अंगणातल्या त्या खांबाकडे बघितलं. मग अंगठी तांदळातून सरकू लागली, आणि पहिली दोन अक्षरं उमटताच मला कळलं की ती काय लिहिते आहे. ही आमच्यासाठी लिहिते आहे, आज्यांचं मन राखायला, आजोबांना वाईट वाटू नये म्हणून, तू सांगितलंस ते सगळं वाया गेलं. ऑल्डरसन. तिनं शेवटचं अक्षर पुरं केलं आणि पाठीमागचा माझा हात कसा सुटला मलाच ठाऊक नाही. तळहात तांदळावर पडणार, तोच पोरीनं माझं मनगट पकडलं. घट्ट. माझ्यावरच गेलीय.

"डोन्ट यू डेअर," ती म्हणाली. "ऑल्डरसनच. पण आजोबांचं नाही, ग्रँडमा पेगचं. आता बस आणि चहा पी, विजया. आईच्या लक्षात आहे ते नाव."